रेडिओ द्या, पण नोंद ठेवून



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की दिंडोरीत भंगारवाल्याच्या हाका वाढतात आणि माळ्यावरचा जुना रेडिओ खाली येतो. ट्रान्झिस्टर नव्हे, लाकडी पेटीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, लावल्यावर तापायला वेळ घेणारा. ‘अपरिग्रह मानतो, मग हे कशाला साठवायचं?’ असं आपण म्हणतो. मलाही ते पटतं. न लागणारी वस्तू धरून बसणं हा मोहच. पण वस्तू सोडणं वेगळं आणि तिची ओळख पुसून टाकणं वेगळं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरी हीच चूक झाली. सासऱ्यांचा रेडिओ मी स्वतः वजनावर देऊन टाकला. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा नातवाला त्याच रेडिओच्या गोष्टी सांगायच्या. त्याने विचारलं, “आजी, कुठल्या कंपनीचा होता?” त्यांना आठवेना, मला सांगता येईना. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, फिलिप्स की बुश? घरच्या एकुलत्या एका फोटोत त्याच्यावरचा भरतकामाचा रुमालच तेवढा दिसतो.

म्हणून देण्याआधी अर्धा तास काढा. रेडिओ विजेला मुळीच जोडू नका. काही सेटच्या आतल्या पत्र्यातच करंट उतरतो. मागचं झाकण उघडताना जयणा पाळा. आत कोळी असेल तर त्याला आधी जाऊ द्या, मगच धूळ काढा. समोरून, मागून आणि आतून फोटो घ्या. मागच्या पुठ्ठ्यावरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या. स्टेशनांच्या काचेवर ‘पूना’ असेल तर रेडिओ बहुधा 1953 नंतरचा, कारण आकाशवाणीचं पुणे केंद्र त्या वर्षी सुरू झालं.

व्हॉल्व्हवरचे आकडेही बोलतात. ‘ईसीएच 81’सारखं ‘ई’ने सुरू होणारं नाव असेल तर तो बहुतेक घरच्या विजेवरचा सेट. ‘डीके 96’सारखं ‘डी’ असेल तर बॅटरीवरचा. म्हणजे तो घेतला तेव्हा कदाचित घरात वीजच आली नव्हती! त्या काळी रेडिओला पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि त्याचे पैसे दरवर्षी भरावे लागत. ते पुस्तक जुन्या चोपड्यांच्या गठ्ठ्यात जरूर शोधा. शिक्क्यांच्या तारखांवरून रेडिओ घरात कधीपासून होता ते कळेल.

कोणी म्हणेल, नोंदी ठेवणं हाही परिग्रहच. मला तसं वाटत नाही. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी लिहिली, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, कोणासाठी. त्या चार ओळींमुळेच आज कितीतरी श्रावक-श्राविकांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या घरातल्या वस्तूंना मात्र आपण एक ओळही देत नाही.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी एक वही काढा. रेडिओ कोणी आणला, कधी आणला, घरात त्यावर काय ऐकलं जायचं, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना विचारून लिहा. मग रेडिओ ज्याला हवा त्याला आनंदाने द्या. वस्तू पुन्हा कुठे मिळेलही. सांगणारी व्यक्ती मिळणार नाही.