शून्य डॉलरची गुणवत्ता

अमेरिकेतल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या बिलांचं कोडिंग मी पुण्यात बसून काही वर्षं केलं. हे डॉक्टर पोट न फाडता, मांडीतल्या किंवा मानेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवत, एक्स-रेच्या पडद्यावर बघत उपचार करतात. तिकडे दिवस मावळला की इकडे रिपोर्टांचा गठ्ठा यायचा. नळी कुठे घातली, किती फाटे ओलांडले, फुगा फुगवला की स्टेंट टाकला, प्रत्येकाला वेगळा कोड आणि वेगळी रक्कम. या सगळ्याच्या खाली कधीकधी एक ओळ असायची, जिच्यापुढे रक्कम लिहायची ०.०० डॉलर. ही ओळ म्हणजे गुणवत्ता!

गंमत नाही करत. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा, याने जुलै २००७ मध्ये 'फिजिशियन क्वालिटी रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह' नावाची योजना सुरू केली. पूर्णपणे ऐच्छिक. ७४ मापकं जाहीर झाली. त्यांतली आपल्याला लागू पडणारी साधारण तीन निवडायची, पात्र रुग्णांपैकी ८० टक्क्यांच्या बिलावर ती शून्य डॉलरची ओळ लावायची, की वर्षाअखेरच्या हिशोबात दीड टक्का बक्षीस. पहिल्या वर्षी ५६,७०० हून थोड्या जास्त लोकांना मिळून ३ कोटी ६० लाख डॉलर वाटले गेले. सरासरी माणशी सहाशेच्या आसपास. आपण काय चुकलो, काय बरोबर केलं, याचा अहवाल डॉक्टरांच्या हाती पडला तो २००८ च्या उन्हाळ्यात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता यातली खरी मेख बघा. ओळीला जोडायचे काही प्रत्यय होते. त्यातला एक '८पी'. त्याचा अर्थ: 'ही गोष्ट केली नाही, कारण दिलेलं नाही.' सुरुवातीच्या वर्षांत हा प्रत्यय लावला तरी अहवाल दिला असंच धरलं जायचं! म्हणजे मी काळजी घेतली नाही, पण घेतली नाही हे वेळेवर कळवलं, सबब बक्षीस द्या. शाळेत गृहपाठ न करता 'गृहपाठ केला नाही' अशी चिठ्ठी नियमित देणाऱ्या मुलाला आपण हुशार म्हणू का? त्यांनी म्हटलं. वर कारण असं, की आधी लोकांना सवय तर लागू दे.

सवय लागली. कसली लागली ते सांगतो. २००९ मध्ये एक मापक आलं: फ्लुरोस्कोपी वापरली असेल तर एक्स-रे किती वेळ चालू होता ते रिपोर्टात लिहा. हेतू चांगलाच. लांबलेल्या प्रोसीजरमध्ये रुग्णाच्या पाठीची कातडी भाजू शकते, आणि ते कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतं, तोवर कोणाला आठवतही नाही की मध्ये काय झालं होतं. पण मापक मोजत काय होतं? वेळ किती ते नाही; वेळ लिहिला का, एवढंच. आठ मिनिटं लिहा किंवा ऐंशी, गुण तेवढेच. मग सगळ्यांनी केलं काय, तर रिपोर्टाच्या साच्यात एक रिकामी जागा ठेवली. तंत्रज्ञ आकडा सांगणार, तो तिथे बसणार, आम्ही कोड लावणार. कोणाच्या पाठीची कातडी त्यामुळे वाचली? रिपोर्ट मात्र सुधारला बरं का.

'अहो, पण ऐच्छिक गोष्टीकडून किती अपेक्षा करायची?' असं एक मित्र मला म्हणाला. इथेच माझं भांडण आहे. माझा स्वेच्छेला विरोध नाही. याच काळात मिशिगनमध्ये काय झालं ते पाहा. जॉन्स हॉपकिन्सचे पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शंभराहून अधिक आयसीयूंबरोबर एक काम केलं, त्याचा निबंध २००६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत नळी घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या: हात धुणे, टोपी-मास्क-गाऊन आणि रुग्णावर पूर्ण चादर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा साफ करणे, शक्यतो जांघेत नळी न घालणे, आणि गरज संपली की ती काढणे. हेही ऐच्छिकच होतं. फरक एवढाच की ते जंतुसंसर्ग मोजत होते. दर हजार नळी-दिवसांमागे मध्यक २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला आणि दीड वर्षापर्यंत शून्यावरच राहिला.

आणि मेडिकेअरच्या ऐच्छिक यादीत याच नळीचं मापक कसं आलं? टोपी, मास्क, गाऊन, चादर, हात धुणे हे सगळं केल्याची नोंद आहे का, एवढं बघा. संसर्ग झाला की नाही हा प्रश्नच नाही! तीच नळी, तोच मास्क. एका ठिकाणी रुग्ण मोजला, दुसऱ्या ठिकाणी वाक्य मोजलं.

सगळ्यात जास्त मला खुपतं ते फिल्टरचं प्रकरण. पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या महाशिरेत तारांची एक छत्रीसारखी जाळी बसवतात. रक्त पातळ करणारी औषधं देता येत नाहीत अशा रुग्णांत. यातल्या बऱ्याच जाळ्या काढता येण्याजोग्या असतात. धोका टळला की काढायच्या. पण काढणार कोण? बसवायला सांगितलं सर्जननं, बसवली रेडिओलॉजिस्टनं, डिस्चार्ज दिला तिसऱ्यानंच. म्हातारबाबा घरी गेले, जाळी पोटात राहिली. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला: २००५ पासून तक्रारींचे ९२१ अहवाल आले, त्यांतले ३२८ जाळी जागची सरकल्याचे, ७० शिरेला भोक पडल्याचे, ५६ जाळी मोडल्याचे. २०१४ मध्ये तर गणित करून सांगितलं, की धोका टळलेल्या रुग्णात ती काढणं २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान फायद्याचं ठरतं.

यावरचं मापक २०१६ मध्ये आलं. जाळी बसवल्यापासून तीन महिन्यांत तीन गोष्टींपैकी एक हवी: ती ठेवायची की काढायची याचा विचार केल्याची नोंद, किंवा जाळी काढली, किंवा रुग्णाशी संपर्क साधायचा दोनदा प्रयत्न केला पण झाला नाही. तिसरी गोष्ट पुन्हा वाचा. दोनदा फोन केला, उचलला नाही, पास! आणि हे मापक काही दिल्लीश्वरांनी, म्हणजे वॉशिंग्टनश्वरांनी, वरून लादलेलं नाही. ते सोसायटी ऑफ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं, डॉक्टरांच्या स्वतःच्या संघटनेचं आहे. तरी एक कबूल करायला हवं, यादीतल्या बाकीच्यांपेक्षा हे बरं. निदान रुग्ण घरी गेल्यावरही तो असतो, एवढं तरी यात गृहीत धरलंय. पण तेही निवडलं तर. ज्याच्या जाळ्या पोटात राहतात तो दुसरं सोपं मापक घेऊन मोकळा.

पुढे ऐच्छिकपणाचं पांघरूण गेलं. २०१५ पासून दंड आला, २०१७ पासून सगळं 'मिप्स' नावाच्या नव्या योजनेत गेलं. कोणती सहा मापकं द्यायची ही निवड मात्र डॉक्टरकडेच राहिली. पहिल्या वर्षी एका रुग्णाचं एक मापक दिलं तरी दंड टळत होता. निकाल? योजनेच्या कक्षेत येणाऱ्यांपैकी ९३ टक्के बक्षिसास पात्र! सगळेच हुशार निघाल्यावर बक्षीस किती उरणार, पूर्ण गुण मिळवणाऱ्यालाही १.८८ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये संसदेला सल्ला देणाऱ्या मेडपॅक आयोगानं १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, हे बंद करा. जो तो आपापली मापकं निवडतो, तुलना कशाची करायची?

डॉक्टर म्हणतात ही कारकुनी आहे. आहेच, निम्मी तर मीच करायचो. पण कारकुनीला शिव्या देऊन, पुढच्या यादीत पुन्हा सोपंच मापक निवडायचं, हे कसं? चार्ल्स डॉटरनं १९६४ मध्ये ही विद्या सुरू केली आणि चारच वर्षांत आपल्या लोकांना बजावलं, की रुग्णाची जबाबदारी घेतली नाहीत तर महागडे प्लंबर होऊन बसाल. साच्यातल्या रिकाम्या जागा भरणं ही जबाबदारी नव्हे. पाइप जोडून बिल ठेवून गेल्यासारखंच ते.

आपल्याकडे तर शून्य डॉलरची ओळही नाही, आणि एनएबीएचचं मानांकन हेही ऐच्छिकच. म्हणून अमेरिकेला हसण्याचं कारण नाही. असो.

माझी मागणी फार नाही. निवड डॉक्टरची नको. फिल्टर बसवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तीन आकडे सक्तीने लावा, तेही दाराबाहेर, नातेवाईकांना दिसतील असे: गेल्या वर्षी किती जाळ्या बसवल्या, किती काढल्या, आणि किती रुग्ण आज कुठे आहेत हे आम्हाला माहीत नाही.