ॲशनव्हेलचें लांकूड

जमिनीचा तंटा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बांध, खुंट, मोजणी आणि तालुक्याची कचेरी हीं उभीं राहतात. दोन वाद्यांपैकीं एकजण लबाड असलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते. आणि बहुतेक वेळां ती खरीहि ठरते. पण जो तंटा खरोखर बिकट असतो त्यांत दोघेहि खरे असतात. एकाची गरज खरी, दुसऱ्याचा हक्क खरा, आणि मधली भूमि मात्र एकच. अशा तंट्याचें एक उदाहरण या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें कोणत्याहि कचेरीच्या दप्तरांत सांपडावयाचें नाहीं. कारण तें ज्या देशांत घडलें तो देश पृथ्वीच्या पाठीवर नाहींच.

कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या मंडळीनें १९९४ सालीं ‘वॉरक्राफ्ट’ नांवाचा संगणकावरील खेळ काढला. २००४ च्या नोव्हेंबरांत त्याच कथेवर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा आंतरजालावरून एकाच वेळीं हजारों माणसांनीं मिळून खेळावयाचा खेळ निघाला. २०१० सालीं त्याचे वर्गणीदार एक कोटि वीस लाखांपर्यंत गेले होते. वर्गणीदार हा शब्द मीं जाणून वापरला आहे. आपल्या या मासिकाप्रमाणेंच त्या खेळालाहि वर्गणी भरावी लागते, आणि ही गोष्ट पुढें ध्यानांत ठेवावयाची आहे. खेळणारा ॲझरॉथ नामक जगांत एक पात्र घेऊन शिरतो, आणि शिरतांनाच त्याला दोन पक्षांपैकीं एक पत्करावा लागतो. एक पक्ष ‘अलायन्स’. त्यांत मानव, ठेंगणे ड्वार्फ व नोम, आणि अरण्यवासी नाइट एल्फ. दुसरा ‘होर्ड’, त्यांत हिरव्या कातडीचे ऑर्क, ट्रोल, बैलाच्या तोंडाचे टॉरेन आणि मरून पुन्हां उठलेले फोरसेकन. पुढें दोहोंकडे आणखी जाती येऊन मिळाल्या, पण मूळ मांडणी ही. देव आणि असुर, दुसरें काय, असें कोणी म्हणेल. तशी ती वांटणी नाहीं, म्हणूनच तिच्याविषयीं लिहावेंसें वाटलें.

ऑर्क हे ॲझरॉथचे मूळचे रहिवासी नव्हेत. ड्रेनॉर नांवाच्या दुसऱ्या जगांतून, राक्षसांच्या फुसलावणीनें, एका मायावी दरवाज्यांतून ते आक्रमण करीत आले. लढले, हरले आणि छावण्यांत कोंडले गेले. थ्रॉल नांवाच्या, मानवांच्या हाताखालीं गुलाम म्हणून वाढलेल्या एका तरुण ऑर्कानें त्यांना सोडविलें आणि समुद्रापार कालिमडोर खंडांत नेलें. हा कथाभाग २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्यें आहे. नव्या देशांत उतरल्यावर पहिली अडचण कोणती? लांकडाची. माणसें राहणार कोठें? म्हणून थ्रॉलनें आपला जिवलग, पण तापट, सरदार ग्रॉम हेलस्क्रीम याला उत्तरेकडील ॲशनव्हेलच्या रानांत लांकूड तोडून वसाहत उभारण्यास पाठविलें.

आतां नाइट एल्फांची बाजू पाहा. त्या रानांत ते सहस्रावधि वर्षें राहत आले होते. त्यांचे कित्येक तपस्वी दीर्घ निद्रेंत पडून स्वप्नांतच वनांची राखण करीत. तेथील कांहीं पुराणवृक्ष बोलतात, चालतात, आणि प्रसंगीं लढतातहि. अशा रानांतलें झाड पाडणें म्हणजे शेजाऱ्याच्या आजोबांना कुऱ्हाड लावण्यासारखेंच. रानाचा स्वामी सेनारियस हा अर्धदेव. त्यानें आलेल्या परक्यांना ‘कोण तुम्ही, कशासाठीं आलां’ असें विचारलें नाहीं. त्यांच्या रक्तांतला जुना राक्षसी अंश त्याला जाणवला, तेवढें त्याला पुरें झालें. ग्रॉमनेंहि ‘आम्हांला घरें बांधावयाचीं आहेत, कोणतीं झाडें पाडूं’ असें विचारलें नाहीं. हरूं लागतांच तो पुन्हां राक्षसाचें रक्त प्याला आणि त्या बळावर सेनारियसचा वध करून बसला. या सबंध कथेंत मला हाच भाग सर्वांत सरस वाटतो. राक्षस त्यांत आहे खरा, पण जमिनीच्या वादांत तो वादी नाहीं आणि प्रतिवादीहि नाहीं. निर्वासिताला घर हवें आहे आणि राहणाऱ्याला आपलें रान राखावयाचें आहे. तंट्याला एवढें पुरतें.

त्याच कथेच्या शेवटीं ऑर्क, मानव आणि नाइट एल्फ असे तिघेहि हायजल पर्वतावर खांद्याला खांदा लावून एका महाराक्षसाशीं लढतात आणि जिंकतात. एल्फ तर त्या विजयासाठीं आपलें अमरत्व गमावतात. पुढें थ्रॉलनें आपल्या लोकांचें राज्य वसविलें, त्या मुलखाला बापाच्या नांवावरून ड्युरोटार असें नांव दिलें. तांबडी माती, उघडे खडक, निवडुंग! बापाच्या नांवानें घराला तुळई मिळत नाहीं. ती ॲशनव्हेलांतूनच आणावी लागणार. रक्त एकत्र सांडलेल्या त्या तिघांनीं तेव्हांच बसून वर्षाला किती लांकूड, कोणत्या बाजूचें, आणि त्याच्या मोबदल्यांत काय, एवढें कायमचें ठरवून टाकलें असतें तर? परंतु २००४ सालीं खेळ सुरू होतो तेव्हां रानाच्या पूर्व कडेला ऑर्कांचा लांकूडतोडीचा तळ पडलेलाच दिसतो आणि एल्फांचे पहारेकरी झाडांआड धनुष्यें सज्ज करून बसलेलेच दिसतात.

येथें वर्गणीची गोष्ट आठवावी. तंटा मिटला कीं नाटक संपलें. नाटक संपलें कीं तिकिटें बंद. २००५ सालीं या मंडळीनें दोन्ही पक्षांनीं समोरासमोर लढण्यासाठीं वेगळीं रणांगणें उघडलीं. ॲशनव्हेलच्या हद्दीवरच्या वॉरसाँग गल्च या खिंडींत दहाजण विरुद्ध दहाजण. एकमेकांचा झेंडा तीन वेळां पळवून आणील तो विजयी. अराथीच्या खोऱ्यांत शेत, लांकडाची गिरणी, लोहारशाळा, खाण आणि तबेला या पांच जागांसाठीं पंधरा-पंधरा जणांची झटापट. आल्टरॅकच्या बर्फांत चाळीस विरुद्ध चाळीस. आणि तेथील लढाया पूर्वी कित्येक तास चालत. लढाई संपली कीं झेंडे पुन्हां जागच्या जागीं, मेलेले पुन्हां उभे, आणि जिंकलेला वीतभरहि जमीन घरीं नेत नाहीं. रानाचा प्रश्न झेंड्यावर आला, आणि लांकडाचें नांव केवळ पाटीवर उरलें.

दुसऱ्या खंडांतील लॉर्डेरॉनच्या राजधानीचा वाद तर आपल्याकडील धर्मशास्त्र्यांच्या पुढें ठेवण्यासारखा आहे. तें राज्य मानवांचें. युवराज आर्थसनें बापाचा खून केला आणि प्रजा महामारीनें मेली. पण मेलेली प्रजा प्रेतरूपानें उठली, आणि तिच्यांतील कांहीं त्या दुष्ट सत्तेच्या तावडींतून सुटून, सिल्व्हानस या राणीच्या हाताखालीं, त्याच राजधानीच्या भुयारांत नांदूं लागलीं. मानव म्हणतात, नगर आमच्या पूर्वजांचें. फोरसेकन म्हणतात, ते पूर्वज आम्हीच! दायभागकारांच्या मतें पुत्राचें स्वत्व पित्याच्या मरणानंतर उत्पन्न होतें. पण पिता मरून पुन्हां उठला आणि ओसरीवर येऊन बसला, तर त्या स्वत्वाचें काय व्हावें? मिताक्षरेंतहि याला वचन सांपडावयाचें नाहीं. २०१८ च्या कथेंत हा खटला फार वाईट रीतीनें निकालांत निघाला. अलायन्सचा वेढा पडला तेव्हां सिल्व्हानसनें आपल्याच नगरांत विषारी वायु सोडला, आणि तें दोघांनाहि राहण्याजोगें उरलें नाहीं.

आतां मूळ रानाकडे वळूं. २०१० सालच्या ‘कॅटॅक्लिझम’ या भागांत ग्रॉमचा मुलगा गॅरॉश होर्डचा नायक झाला आणि ॲशनव्हेलवर मोठी चढाई झाली. शेजारच्या आझशारा प्रांताचे डोंगर गॉब्लिन जातीच्या कारागिरांनीं असे कोरून काढले कीं नकाशावर तो प्रांत होर्डच्या चिन्हासारखा दिसावा. जमिनीवर आपली मोहर उमटविण्याचा याहून निर्लज्ज प्रकार दुसरा नसेल. याच भागांत गॅरॉशच्या एका सेनापतीनें एल्फांच्या विद्यार्थ्यांचा एक आश्रम बाँब टाकून नष्ट केला, तेव्हां खुद्द गॅरॉशनें निरपराध्यांना मारण्यांत शौर्य नाहीं असें सांगून त्या सेनापतीला कड्यावरून खालीं टाकलें. आणि २०१२ सालीं याच गॅरॉशनें थेरामोर हें मानवांचें बंदर एका बाँबनें बेचिराख केलें! एका पात्राचा स्वभाव दोन वर्षांत इतका पालटावा, याचें कारण पात्रांत नाहीं, लेखकांच्या गरजेंत आहे. त्यांना खलपुरुष हवा होता. २०१३ सालीं तो पदच्युत झाला, सर्वांनीं सुटकेचा श्वास सोडला, आणि ड्युरोटारला लांकूड कोठून मिळावें हा प्रश्न होता तेथेंच राहिला.

२०१८ च्या ‘बॅटल फॉर ॲझरॉथ’ मध्यें याचीच पुनरावृत्ति अधिक भयंकर स्वरूपांत झाली. टेल्ड्रासिल हा समुद्रांतील प्रचंड वृक्ष. त्याच्या फांद्यांवर नाइट एल्फांची राजधानी, गांवें, तळीं. खेळणाऱ्यांपैकीं जे नाइट एल्फ झाले त्यांनीं आपल्या पात्राचीं पहिलीं पावलें त्याच वृक्षाच्या सांवलींत टाकलेलीं. होर्डची नायिका झालेल्या सिल्व्हानसनें ॲशनव्हेल आणि त्यापुढील डार्कशोरचा किनारा जिंकून घेतला आणि शेवटीं तो वृक्ष, आंत माणसें असतांना, पेटवून दिला. अलायन्सच्या खेळाडूंना मग एक कामगिरी दिली जाते: जळत्या नगरांतून रहिवासी बाहेर काढा. वाचवावयाचे नऊशेंहून अधिक, मुदत तीन मिनिटांची. कितीहि धांवलें तरी तें पुरें होणें शक्यच नाहीं, आणि तें तसेंच रचलेलें आहे. हें रचणाऱ्याला मी पूर्ण गुण देईन.

पण होर्डच्या खेळाडूंचें काय? त्यांना कोणी विचारलें नाहीं. किनारा जिंकण्यास त्यांना नेलें, आणि आग त्यांच्या नांवावर मांडली. आमच्या घरीं माझे दोन नातू, सख्खे चुलतभाऊ, या खेळांत आहेत. थोरला होर्डकडे, धाकटा अलायन्सकडे. खेळांत दोन पक्षांची भाषा एकमेकांस कळत नाहीं. होर्डवाल्यानें हंसण्याची इंग्रजी खूण ‘लोल’ लिहिली तर अलायन्सवाल्याला ती ‘केक’ अशी दिसते. तेव्हां माजघरांत एका भिंतीला पाठ टेकून बसलेले हे दोघे पडद्यावर मात्र परस्परांना मुके. त्या आगीचा विषय निघाला तेव्हां थोरला मला म्हणाला, “आजोबा, वृक्ष आम्हीं नाहीं जाळला, सिल्व्हानसनें जाळला.” धाकट्यानें मान वर न करतां विचारलें, “दादा, डार्कशोर घेतांना तूं होतास कीं नव्हतास?” थोरल्यानें उत्तर दिलें नाहीं. मींहि दिलें नाहीं. हुकमाखालीं केलेल्या कामांत आपला वांटा किती, हा प्रश्न बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या तोंडीं ज्या खेळानें आणला त्याला ‘वेळेची नासाडी’ म्हणून झटकून टाकावें असें मला वाटत नाहीं. लेखकांनाहि तो पुढें सुचला. सौरफँग हा वृद्ध ऑर्क सेनानी राणीविरुद्ध उभा राहिला, आणि कोणाची बाजू धरावी याची निवड होर्डच्या खेळाडूंना थोडीबहुत मिळाली. मात्र आग लागून गेल्यानंतर.

आपल्याकडे रान जाळल्याची कथा म्हणजे खांडववन. तेथें तर जाळणारे आपलेच, कृष्ण आणि अर्जुन. आणि वनाच्या कडेला त्यांचें नवें इंद्रप्रस्थ. व्यासांनीं जाळणाऱ्यांची स्तुति केली आहे, पण वही मिटलेली नाहीं. त्या आगींतून सुटलेला अश्वसेन पुढें कर्णाच्या बाणावर चढून अर्जुनापुढें येतो. घर जळालेला तक्षक, शापाच्या निमित्तानें कां होईना, अर्जुनाच्याच नातवाच्या मरणाला कारण होतो. आणि त्यापायीं सर्पसत्र होतें. जळालेल्यांची बाजू तीन पिढ्या कथेंतून हालत नाहीं. ॲझरॉथच्या लेखकांना हा धीर नाहीं. त्यांच्याकडे डार्कशोरच्या किनाऱ्यावर पुढें जी लढाई लावली ती पाळीपाळीची: ठराविक काळ किनारा एका पक्षाकडे, मग दुसऱ्याकडे. घड्याळानें जमिनीची मालकी फिरावी, याला युद्ध म्हणावें कीं पाळण्याचें चक्र? २०१९ सालीं सौरफँग द्वंद्वयुद्धांत सिल्व्हानसच्या हातून पडला, ती पळून गेली, आणि दोन पक्षांत तह झाला. २०२२ सालीं तिला शिक्षा सुनावण्याचें काम नाइट एल्फांची नेत्री टिरांडे हिच्याकडे आलें. तिनें मृत्युदंड दिला नाहीं. परलोकांतील एका भयाण प्रदेशांत अडकलेला प्रत्येक जीव शोधून बाहेर काढ, असें सांगितलें. ही शिक्षा मला न्याय्य वाटते. पण पुन्हां दोषी ठरली ती एक बाई. तांबड्या मातीवर घर बांधूं पाहणाऱ्या जातीचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा हिशेब कोणी मांडला नाहीं.

त्यानंतर कुंपण बरेंच सैल झालें आहे. २०२२ पासून दोन्ही पक्षांचे खेळाडू मिळून मोहिमेवर जाऊं शकतात, आणि २०२३ पासून एकाच मंडळांत नांव घालूं शकतात. आमचे दोघेहि आतां एका टोळींत आहेत, व त्यांचीं भांडणें पूर्वीपेक्षां वाढलीं आहेत, कारण आतां एकमेकांचें बोलणें कळतें. २०२३ च्या नोव्हेंबरांत नाइट एल्फांना ॲमिरड्रासिल नांवाचा नवा वृक्ष मिळाला आणि त्याच्या आश्रयानें त्यांनीं पुन्हां घरें मांडलीं. जुना टेल्ड्रासिल डार्कशोरच्या समोर काळा ठिक्कर उभा आहे. त्या किनाऱ्यावर झिडोर्मी नांवाची एक स्त्री असते. काळावर सत्ता चालविणाऱ्या नागकुळांतली ती आहे. तिला विनंति केली तर ती खेळणाऱ्याला आगीपूर्वीच्या काळांत नेऊन सोडते. तेथें वृक्ष हिरवा आहे, तळीं भरलेलीं आहेत, आणि वेशींतले पहारेकरी पूर्वीप्रमाणेंच नमस्कार करतात.