ओटा आणि पडवी

आमच्या घरात गेली शेहेचाळीस वर्षे एक वाद चालू आहे. मी निफाड तालुक्यातल्या विंचूरचा आणि ही दापोलीजवळच्या मुरुडची. तिच्या गावाला समुद्र आहे, माझ्या गावाला नाही, या एका मुद्द्यावर तिने आजवरचे बहुतेक सामने जिंकले आहेत. "तुमच्या गावात बघायचं ते काय?" असे तिने लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत विचारले. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावरून जिवंत परतले, हे मी तिला सांगितले. पुण्याच्या विंचूरकर वाड्यात १८९२ साली स्वामी विवेकानंद लोकमान्य टिळकांकडे उतरले होते, हेही ऐकवून पाहिले. "ते पुण्याला!" ती म्हणाली. तेव्हा मी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटले, "आमच्याकडे रस्ता आहे."

आणि तो होताच. नाशिकहून येवल्याकडे जाणारा मोठा रस्ता आणि लासलगावचा फाटा जिथे मिळतात, त्या जागेला गावात तीनपाटी म्हणतात. आमचे घर रस्त्याला लागूनच. घराला लांबलचक ओटा आणि ओट्याच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण. १९६० च्या आगेमागे मी सात-आठ वर्षांचा असेन. रात्री लासलगावच्या बाजाराला कांद्याच्या बैलगाड्या निघत. गाडीखाली कंदील हेलकावत असे, गाडीवान खुशाल झोपलेला आणि बैल आपले वाट ओळखून चाललेले. पहाटे परत येणारा गाडीवान ओट्याशी थांबे. आजोबा आधी पाणी देत, मग "कुठले पाव्हणं?" असे विचारीत आणि त्यानंतर भाव. या तीन गोष्टींचा क्रम मी कधी बदललेला पाहिला नाही. रात्रीची एस. टी. चुकलेला उतारू आमच्या ओट्यावर पथारी पसरी, त्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे.

पुढे ट्रॅक्टर आले. विंचूरलाच लासलगाव समितीचा उपबाजार झाला आणि हंगामात ट्रॉल्यांच्या रांगा लागू लागल्या. मी हिला म्हटले, "बघ, आली भरती!" यावर ती नाक मुरडून म्हणाली, "भरतीला असला वास नसतो हो." द्राक्षे आली. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षवाइनचे धोरण आखले आणि विंचूरच्या शिवारात वाइन पार्क आले. आजोबांनी त्याला काय नाव ठेवले असते, ते या अंकात छापण्याजोगे नाही! मग रस्ता रुंद झाला, तेव्हा ओटा निम्मा गेला. उरलेल्या निम्म्यावर बसले की पाय मोटारीखाली येतील की काय, असे वाटे.

मुरुडचे तरी काय वेगळे? सरळसोट रस्ता, कडेला चिऱ्याची घरे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीमागे समुद्र. महर्षी कर्व्यांचे गाव. हिच्या लहानपणी त्या रस्त्याने परका माणूस आला, तर पाखाडीभर त्याची चौकशी होई. आता शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात आणि दारोदार 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय' अशा पाट्या आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माझ्या मेव्हण्याची बहुतेक वाडी आडवी झाली. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, आणि मेव्हणा तेव्हा साठीचा. त्याने पडवीच्या भिंती चढवून दोन खोल्या काढल्या, गोठ्यातही एक काढली आणि तिला थंड हवेचे यंत्र बसवले. ही सहा महिने भावाशी धड बोलली नाही. "आईच्या पडवीत परकी माणसं झोपवतो!" एवढेच म्हणे.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. तेव्हा शेतात असतो तो पावसाळी लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, लाल कांदा थांबत नाही. तो काढला की विकावाच लागतो. माझ्या पुतण्याने मिळेल त्या भावाने विकला. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण कर्ज काही उठले नाही. त्याचा फोन आला. उरलेला ओटा आणि पुढची खोली पाडून तीन गाळे काढायचे, घरात माझाही हिस्सा, तेव्हा सही हवी. मी टाळाटाळ करू लागलो, तसा तो शांतपणे म्हणाला, "काका, भाडं सडत नाही."

मी हिच्याकडे पाहिले. आता टोमणा येणार, अशी माझी खात्री. पण ती काही बोललीच नाही. त्या रात्री तिने मुरुडला फोन लावला आणि भावाला विचारले, "खोल्या भरतात का रे?"

आम्ही दोघे विंचूरला गेलो. काकू अठ्ठ्याऐंशीच्या. जन्म त्या ओट्यावर गेला, तेव्हा त्यांचे मन मोडून सही करणार नाही, असे मी बजावून ठेवले होते. कागद पुढे ठेवला, तर काकू म्हणाल्या, "अरे, रांजण काढून किती वर्षं झाली! पाण्याला आता कोण थांबतंय? ज्याच्या त्याच्या हातात बाटली. काढू दे गाळे. मला बसायला तेवढा हातभर कट्टा ठेवा म्हणजे झालं."

मी सही केली. हात थोडा कापला, ते वयामुळे असेल.

यंदा गाळे पुरे झाले. पहिल्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. कडेच्या कट्ट्यावर काकू बसतात आणि गिऱ्हाईक बाहेर पडले की विचारतात, "कुठले पाव्हणं?" पोरे कानातले यंत्र काढून पुन्हा विचारतात, "काय आजी?" मग गावाचे नाव सांगतात. बहुतेकांच्या आज्याला काकू ओळखत असतात.