बदाम हवेत, म्हणून चौकट बोला

ब्रिजमध्ये भिडूने एक नो ट्रंप बोलून सुरुवात केली आणि समोरच्याकडे पाच बदाम असले, तर त्याने दोन चौकट बोलायचं. पाच इस्पिक असले, तर दोन बदाम. उघडणाऱ्याने लगेच त्याच्या वरचा रंग बोलायचा. ट्रान्सफरचा मूळ नियम एवढाच आहे. स्वीडनच्या ओले विलनर यांनी 1953-54 मध्ये त्यावर लेख लिहिले. 1956 मध्ये ओस्वाल्ड जेकोबी यांनी तो अमेरिकेत मांडला, आणि पुढे त्यांच्याच नावाने तो जगभर रूढ झाला. तरीही नव्या खेळाडूंना शिकवताना ‘आधी साधी, नैसर्गिक बोली, ट्रान्सफर पुढचं पुढे’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मोठ्या शहराबाहेर, परभणीसारख्या जिल्ह्यात कुणी चार जणांना ब्रिज शिकवायला बसला, तर हा सल्ला त्याला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा आहे. ट्रान्सफर पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

विरोधकांचा सगळ्यात जुना आक्षेप नैतिक आहे. हातात नाही तो रंग बोलणं म्हणजे खोटं बोलणं, असं ते म्हणतात. पण खोटं ठरतं ते लपवलेलं. ब्रिजच्या नियमांप्रमाणे भिडूंमधला प्रत्येक संकेत प्रतिस्पर्ध्यांना कळला पाहिजे. दोन चौकट बोलताच समोरचा भिडू ‘ट्रान्सफर’ असं जाहीर करतो किंवा अलर्ट देतो, आणि प्रतिस्पर्धी अर्थ विचारू शकतात. गुपित राहतच नाही. शिवाय हेच आक्षेपक टेकआउट डबल बिनदिक्कत वापरतात. तिथे ‘डबल’चा अर्थ ‘भिडू, तुझा रंग सांग’ असा असतो. ब्लॅकवुडमध्ये चार नो ट्रंप बोलून एक्के विचारले जातात, तेव्हा कुणाला चार नो ट्रंप खेळायचे नसतात. ही दोन्ही चालतात, मग ट्रान्सफरलाच नीतीची कसोटी का लावायची?

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. गावाकडच्या माणसाला हे झेपणार नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मराठवाड्यात पत्ते कसे खेळतात ते न पाहताच हे बोललं जातं. मेंढीकोट घ्या. चार माणसं, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं; मांडणी थेट ब्रिजचीच. त्यातल्या बंद हुकुमाच्या प्रकारात एक पान पालथं ठेवलं जातं, आणि मागितलेला रंग कुणाकडे नसला की तो हुकूम उघडायला सांगतो. तोवर पालथ्या पानाचा अंदाज घेत, दश्श्या कुठे आहेत ते हेरत खेळ चालतो. सेलू-गंगाखेडकडे लग्नघरी रात्रभर असा डाव रंगवणाऱ्या माणसाला ‘चौकट म्हणजे बदाम’ एवढं लक्षात ठेवणं जड जाईल, हे पटण्यासारखं नाही.

याचा पुरावा फार लांब नाही. मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, निमाडमध्ये, रायबिदपुरा नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. 1960च्या दशकात तिथे नोकरीला आलेल्या एका पशुवैद्याने गावकऱ्यांना ब्रिज शिकवलं आणि ते तिथे रुजलं. शेतातली कामं उरकून लोक डावाला बसतात. तिथले खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेले आहेत. निमाडचा कापूस पिकवणारा शेतकरी जे शिकतो ते मानवतचा कापूस पिकवणारा शिकणार नाही, याला काहीही आधार नाही. वयाची सबबही टिकत नाही. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक भारताला मिळालं, तेव्हा प्रणव बर्धन 60 वर्षांचे होते आणि शिवनाथ सरकार 56 वर्षांचे.

आता ट्रान्सफरने मिळतं काय, ते पानं समोर ठेवूनच पाहावं. उत्तरेकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, अठ्ठी, चौकी. बदामाची सत्ती आणि दुर्री. चौकटची नव्वी, छक्की, चौकी. किलवरची राणी, दश्शी, पंजी. मोठ्या पानांचे एकूण आठ गुण. दक्षिणेने 15 ते 17 गुणांचा एक नो ट्रंप उघडलेला. आठ गुण म्हणजे अडनिडी ताकद. भिडूकडे 15 असले तर गेम दूर राहतो, 17 असले तर हाताशी येतो.

जुन्या नैसर्गिक बोलीत उत्तरेची पंचाईत होते. दोन इस्पिक बोलले तर त्याचा अर्थ ‘इथेच थांब’. तीन इस्पिक बोलले तर गेमपर्यंत जाणं सक्तीचं. मधल्या ताकदीसाठी स्टेमनच्या दोन किलवरची वाट धरता येते, हे खरं. पण मग चार पानी रंग शोधण्याच्या त्या बोलीवर आणखी एक काम येऊन पडतं. ट्रान्सफरमध्ये उत्तर दोन बदाम बोलतो, दक्षिण दोन इस्पिक, आणि मग उत्तर दोन नो ट्रंप. ‘पाच इस्पिक आहेत, आठ-नऊ गुण आहेत, आता तू ठरव,’ एवढा मजकूर दोन बोलींत पोचला. कमी गुण आणि दोनच इस्पिक असलेला दक्षिण पास म्हणेल. कमी गुण पण तीन इस्पिक असतील तर तीन इस्पिक. जास्त गुण आणि दोन इस्पिक असतील तर तीन नो ट्रंप. जास्त गुण आणि तीन इस्पिक असतील तर चार इस्पिक.

समजा दक्षिणेकडे इस्पिकचा एक्का, पंजी, दुर्री आहे. बदामाचा राजा, छक्की, तिर्री. चौकटचे एक्का, राणी, सत्ती. किलवरचे राजा, गुलाम, अठ्ठी, चौकी. सतरा गुण, तीन इस्पिक. तो चार इस्पिक बोलतो आणि डाव तोच खेळतो, कारण इस्पिक पहिल्यांदा त्याने बोलले. पानांची वाटणी फार विचित्र नसेल तर इस्पिकचे पाच, चौकटचा एक, आणि किलवरचा एक्का घालवल्यावर किलवरचे तीन असे नऊ हात दिसतात. दहावा हवा आहे.

बदामाचे एक्का-राणी आणि चौकटचा राजा पश्चिमेकडे आहेत असं धरा. नैसर्गिक बोलीने उत्तर खेळायला बसला असता तर दक्षिणेची पानं डमी होऊन टेबलावर पडली असती आणि उतारी पूर्वेने केली असती. पूर्वेने बदाम उतरला की डमीतला राजा कोंडीत सापडतो. त्याच्या मागे बसलेली एक्का-राणी दोन हात घेऊन जाते. दक्षिण खेळत असताना मात्र उतारी पश्चिमेची. त्याने बदाम काढला तर राजाचा हात होतो, चौकट काढलं तर राणीचा. पानं तीच, गुण तेच. बदललं एवढंच, की तगडी पानं झाकलेली राहिली आणि उतारी त्यांच्याकडे चालत आली. बंद हुकूम खेळणाऱ्याला झाकलेल्या पानाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ट्रान्सफर कमकुवत पानांनाही तारतं. हातात बदामाचे गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, तिर्री आणि बाकी सगळी किरकोळ पानं, एकूण एक गुण, अशी स्थिती घ्या. एक नो ट्रंप तसाच सोडला तर डमीत जाण्याची वाटच राहत नाही, आणि पाच बदाम असून नसल्यासारखे. दोन चौकट बोलून भिडूच्या दोन बदामांवर पास म्हटलं, की तेच बदाम हुकूम होतात आणि कामाला येतात.

विरोधकांचे दोन आक्षेप मात्र खरे आहेत. पहिला असा की, सहा चौकट आणि भिकार पानं असली तर दोन चौकटवर थांबण्याची सोय जाते. जाते खरी, पण ती किती मोलाची होती? दोन चौकट बरोबर झाले तर डावाचे 90 गुण मिळतात, एक नो ट्रंप बरोबर झाला तरी 90च. दोन बदामांचे 110. म्हणजे बदाम-इस्पिकची बोली सुधारण्यासाठी सर्वांत स्वस्त बोली खर्ची पडते. दुसरा आक्षेप उतारीचा. उत्तरेच्या दोन चौकटला पूर्व डबल देऊन पश्चिमेला ‘चौकट उतर’ असं सांगू शकतो. हे नुकसान मान्यच केलं पाहिजे. पण त्याच डबलमुळे दक्षिणेलाही एक जादा शब्द मिळतो: तीन बदाम असतील तरच दोन बदाम बोलायचे, नाहीतर पास. डबल न मिळाल्यास हा फरक सांगायला जागाच नसते.

विसरण्याची भीतीही खोटी नाही. एकाने ट्रान्सफर म्हणून दोन चौकट बोलले आणि दुसऱ्याने खरेच चौकट समजून पास म्हटलं, तर डाव बुडतो. असं होतं ते अर्धवट ठरवल्यामुळे. बसण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. एक, प्रतिस्पर्ध्याने मध्ये रंग बोलला तर ट्रान्सफर बंद. दोन, नो ट्रंप 12 ते 14 गुणांचा खेळायचा की 15 ते 17चा. हलका नो ट्रंप खेळणाऱ्या जोडीत तगडी पानं समोरच्या भिडूकडेही असू शकतात, म्हणून उतारीचा फायदा तिथे घटतो. दुसऱ्यांदा बोलायला मिळण्याचा फायदा तिथेही पुरता राहतो. परभणीत नव्याने बसणाऱ्या जोडीने 15 ते 17चा नो ट्रंप घ्यावा, पहिल्या बैठकीत चौकट-बदाम आणि बदाम-इस्पिक एवढ्या दोनच ट्रान्सफरचे डाव वाटून पाहावेत, आणि स्टेमन त्याच्या पुढच्या बैठकीला घ्यावा.