निःशब्द वेगाची परीक्षा

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठाने विजेवरच्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. फ्रान्सचा झाँ-एरिक व्हर्न तीत पहिला आला. भारतात झालेली फॉर्म्युला-ई मालिकेची ही पहिली शर्यत. ती पाहून परतलेल्या अनेकांची तक्रार एकच होती: आवाज नाही! जी शर्यत मैलभर आधी कानांना कळत नाही, ती कसली शर्यत, असा या रसिकांचा सवाल.

तक्रार अगदीच पोरकट नाही. फॉर्म्युला-वनची दहा नळकांड्यांची इंजिने मिनिटाला एकोणीस हजारांच्या आसपास फेरे घेत किंचाळत, तेव्हा तो नाद छातीत घुमत असे. २०१४ साली त्याच फॉर्म्युला-वनने सहा नळकांड्यांचे संमिश्र इंजिन स्वीकारले, तेव्हाही आवाज हरपल्याचा आक्रोश झालाच होता. परंतु आवाज म्हणजे वेग नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्याच गाडीतून. पेट्रोलने विजेला मागे टाकले ते त्यानंतर. त्यामुळे वीजगाडीला शर्यतीच्या जगातील उपरी ठरवणे इतिहासाला धरून नाही.

वेगाच्या हिशेबात आज वीजगाडी मागे आहे, हे मात्र प्रांजळपणे मान्य करावे. मोनॅकोच्या त्याच रस्त्यांवर फॉर्म्युला-वनची चपळ फेरी सुमारे ७० सेकंदांत पुरी होते. २०२४ साली वीजगाडीला तिथे सुमारे ९० सेकंद लागले. फरक लहान नाही. पण शर्यतीचे मर्म घड्याळात असते की चालकाच्या निर्णयात, हा खरा प्रश्न आहे. २०१८ पर्यंत बॅटरी शर्यतभर पुरत नसे आणि चालकाला मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. आम्हालाही तेव्हा तो प्रकार हास्यास्पद वाटला होता. २०२३ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीने चित्र पालटले. तिची शक्ती ३५० किलोवॅटपर्यंत जाते. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज ब्रेक लावताना परत मिळवली जाते. पाय सतत दाबून ठेवला तर शेवटच्या फेरीपूर्वीच वीज संपेल, म्हणून केव्हा उधळावे आणि केव्हा राखावे याचा हिशेब चालकाला वळणावळणावर करावा लागतो. पुढच्याच्या आडोशाला राहिले की हवेचा विरोध कमी होतो, वीज वाचते. परिणामी पुढे जाण्यास कोणी राजी नसतो! २०२३ मध्ये पोर्टलंडला हेच झाले आणि गाड्यांनी एकमेकींना शेकडो वेळा मागे टाकले. कोणाला यात सायकलशर्यतीचा घोळका दिसेल. आम्हाला यात बुद्धीचा खेळ दिसतो.

पर्यावरणाच्या नावाने जो डांगोरा पिटला जातो, त्याबाबत मात्र सावध राहावे. फॉर्म्युला-वनने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे २०१८ सालच्या त्यांच्या एकूण सुमारे अडीच लाख टन कर्बउत्सर्जनात शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांचा वाटा एक टक्काही नव्हता. सर्वांत मोठा वाटा होता सामान देशोदेशी हलवण्याचा. गाडी विजेची केली म्हणून तिचे विमान विजेचे होत नाही. आपल्याकडे तर वीज अजून मुख्यत्वे कोळशाची आहे. वीजशर्यतीचा खरा उपयोग बॅटरी, मोटर आणि ब्रेकमधून ऊर्जा परत घेण्याच्या तंत्रात आहे. महिंद्रसारखा भारतीय उद्योग २०१४ पासून, म्हणजे पहिल्याच हंगामापासून, या मैदानात आहे आणि २०१७ साली बर्लिनला त्याने शर्यतही जिंकली, ही गोष्ट म्हणूनच मोलाची. दुसरीकडे फॉर्म्युला-वनच्या २०२६ च्या नियमांत जवळपास निम्मी शक्ती विजेची आहे. तिथल्या विद्युत् मोटरची कमाल शक्तीही ३५० किलोवॅटच. दोन्ही पंथ एकमेकांकडे सरकत आहेत, आणि त्यांचे पाठीराखे मात्र अजून भांडत आहेत.

राहतो प्रश्न पैशाचा, आणि तो इंधनावर अवलंबून नाही. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला-वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे टिकली. कराच्या वादाने तिचा घास घेतला. हैदराबादची फेब्रुवारी २०२४ ची शर्यत आधीच्याच महिन्यात रद्द झाली. राज्यात सरकार बदलले होते, करार मोडल्याचा आरोप आयोजकांनी केला, आणि सार्वजनिक निधीतून झालेल्या खर्चाची चौकशी पुढे पोलिसी गुन्ह्यापर्यंत पोहोचली. नागरिकांचे रस्ते बंद करून, नागरिकांच्या तिजोरीतून असे सोहळे भरवायचे असतील, तर करारातील प्रत्येक कलम आणि प्रत्येक रुपया विधिमंडळापुढे आधी यावा; सरकार बदलल्यावर नव्हे. पहिल्या शर्यतीच्या आधीच हे का झाले नाही, याचे उत्तर हैदराबादच्या करदात्याला अजून मिळायचे आहे.