वाफ जिरू द्या!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'उत्कलनबिंदू' हा शब्द मला इंजिनिअरिंगला आल्यावर बाबांकडून कळला! तेव्हा मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मे महिन्यात काकांच्या जुन्या गाडीतून आम्ही मुंबईहून इंदिरानगरला घरी येत होतो. कसारा घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेला. साहजिकच आहे. चढावर इंजिनवर लोड जास्त आणि वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वाराही कमी. काकांनी गाडी बाजूला घेतली. भावी इंजिनिअर या नात्याने मी बॉनेट उघडलं आणि हातरुमाल धरून रेडिएटरची कॅप फिरवायला गेले. तेवढ्यात मागच्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "ओ ताई, हात नका लावू! तोंड भाजेल!"

थर्मोडायनॅमिक्सला मला चांगले मार्क आहेत. स्टीम टेबल झोपेतही वाचेन. मग हे मला का सुचलं नाही?

ती कॅप म्हणजे कुकरची शिट्टीच. तिची स्प्रिंग साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. पाणी जितकं गरम, तितकी जास्त उष्णता रेडिएटर हवेत टाकतो. दाब फार वाढला की कॅपमधला व्हॉल्व्ह उघडून जादा कूलंट बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की दुसऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून ते परत आत येतं. पण गरम इंजिनची कॅप काढली, तर दाब क्षणात जातो आणि ११० अंशांचं पाणी जागच्या जागी उकळतं. वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट. ती जाणार कुठे? तोंडावरच! नव्या गाड्यांत ही कॅप बऱ्याचदा बाटलीवरच असते. नियम तोच.

आकृती काढून नावं दिली की आपल्याला मार्क मिळतात. पण जे ज्ञान हातापर्यंत पोचत नाही, ते काय कामाचं? सर, व्हायवाला एकदा विचाराच: गाडी तापली, आता पहिल्यांदा काय कराल? आणि हॉस्टेलवाल्यांनो, उत्तर सोपं आहे. इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा, रेडिएटर पूर्ण गार झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका.

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, वाफ जिरल्याशिवाय मी कुकर उघडते का कधी?"

आजीने स्टीम टेबल कधी पाहिलेलं नाही.