आवली गौरीबाईंचीच

‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा विषय निघाला की आमच्या नारायण पेठेत अजूनही पहिलं नाव विष्णुपंत पागनिसांचं येतं. त्यात वावगं काही नाही. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या या नटाने तुकोबा असा काही उभा केला की कित्येकांच्या मनातल्या तुकोबांना पागनिसांचाच चेहरा आला. पण मला विचाराल तर त्या चित्रपटाचा निम्मा भार एका बाईने पेलला आहे. श्रेयनामावलीत तिचं नाव तीन अक्षरांएवढंही लांब नाही. नुसतं ‘गौरी’.

विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सगळं आपल्याला पाठ आहे. लेखक शिवराम वाशीकर, संगीतकार केशवराव भोळे, ‘आधी बीज एकले’ लिहिणारे शांताराम आठवले, यांच्याबद्दलही पुष्कळ छापून आलं. तुकोबांच्या बायकोची, आवलीची भूमिका करणाऱ्या गौरीबाईंच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी एखादं वाक्य येतं: आवलीचं काम उत्तम झालं आहे. एवढ्यावर बोळवण करण्यासारखं ते काम नाही.

हा चित्रपट काढणाऱ्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीत त्या काळी दुर्गाबाई खोट्यांचं घराणं आणि शिक्षण होतं, शांता आपट्यांचा गळा होता. गौरीबाई स्टुडिओतली किरकोळ कामं करता करता पुढे आल्या. नायिकेचं रूप म्हणून जे काही मानलं जात होतं, त्यात त्या बसत नव्हत्या. दामले-फत्तेलाल या जोडीने त्यांच्यावर एवढी मोठी भूमिका सोपवली, याला मी त्या दोघांची सर्वांत मोठी पारख मानते. साहेबमामा फत्तेलालांनी उभं केलेलं देहू गाव सुंदर आहेच, पण गौरीबाई वावरू लागतात तेव्हा त्या गावात चूल पेटते.

मुलगा तापाने फणफणलेला असतानाचा प्रसंग आठवा. घरात दमडी नाही, नवरा देवळात. आवली मुलाला ओढत देवळाकडे निघते, हातात वहाण. विठोबालाच जाब विचारायचा आहे तिला. दुसऱ्या कुणा नटीने इथे डोळे वटारले असते, आवाज चढवून टाळी घेतली असती. गौरीबाईंचा राग पायांत आहे. झपझप टाकलेली पावलं, खांद्यातून थोडं पुढे झुकलेलं अंग, नेसूची पर्वा न करता चाललेली बाई. ती देवाशी भांडायला निघाली आहे, म्हणजे देव आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. तुकोबा विठ्ठलाला आळवतात, ही त्याला धारेवर धरते. भक्ती दोघांचीही आहे, आणि हे कुठल्याही संवादात सांगितलेलं नाही. ते गौरीबाईंच्या चालण्यात दिसतं.

म्हशीबरोबरचे प्रसंग तर मी केवळ त्यांच्यासाठी पुन्हा पाहते. म्हशीच्या पाठीवर फिरणारा तो हात सवयीचा हात आहे. कॅमेऱ्यासमोर जनावराला भीतभीत गोंजारणारे कलावंत आपण पुष्कळ पाहिले. इथे बाई म्हशीशी बोलते ती घरातल्या माणसाशी बोलावं तशी. नवऱ्याला जे सांगता येत नाही ते तिला सांगते. आणि तोच कढ क्षणभरात ओसरून ती पुन्हा पोरांवर खेकसते. हा पालट इतका सहज आहे की अभिनय म्हणून तो नजरेत भरत नाही. कदाचित म्हणूनच समीक्षकांच्याही नजरेतून निसटला.

आवलीला कजाग बायको म्हणून रंगवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कीर्तनांत तिच्यावर हशा पिकतो. इतिहासातली आवली, म्हणजे जिजाबाई, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक. खात्यापित्या घरातून देहूला आली आणि दुष्काळ, कर्ज, उपासमार पदरात पडली. तुकोबांची पहिली बायको रखुमाई त्याच दुष्काळात गेली. अशा घरात रोज दोन वेळचं शिजवायची जबाबदारी जिच्यावर, तिने कुठल्या स्वरात बोलावं? गौरीबाईंनी हा प्रश्न हशाच्या पलीकडे नेला. त्यांच्या आवलीवर आपण हसतो, पण दर वेळी तिच्या बाजूने हसतो. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा तिला झालेला आनंद लोभाचा वाटत नाही. पोरांच्या अंगावर एकदा तरी धड कापड पडलं, याचा तो आनंद आहे. तुकोबा ते सगळं नाकारतात तेव्हा त्यांचा वैराग्यभाव पटतो, पण जीव तुटतो तो आवलीसाठी. चित्रपटाची उंची त्या क्षणी कळते, कारण दोघेही बरोबर असतात.

२०१२ च्या चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘तुकाराम’मध्ये राधिका आपटेने आवली केली आणि मनापासून केली. तिथे आवलीचं दुःख समजून घेण्याची आजची जाण होती. तरी मला गौरीबाईंची आवली अधिक खरी वाटते. आपल्या दुःखाकडे पाहायला तिला सवडच नाही.

१९४१ च्या ‘संत सखू’त त्याच गौरीबाई हंसा वाडकरांच्या सखूला छळणाऱ्या सासू झाल्या. तिथे भूमिकेला एकच रंग आहे. चित्रपटही ‘संत तुकाराम’च्या तोडीचा नाही. पण दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत. तोच खणखणीत आवाज, तीच ठसठशीत देहबोली, आणि आवलीत जी माया प्रत्येक शिवीखाली पाझरत असते ती इथे साफ आटवलेली. ज्यांना वाटतं की गौरीबाई पडद्यावर नुसत्या ‘जशा होत्या तशा’ वावरल्या, त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसं आहे. शिकलेल्या नटीने साधी बाई उभी केली तर तो अभिनय, आणि साध्या घरातल्या नटीने केली तर तो स्वभाव, हा हिशेब मला मुळीच मान्य नाही.

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी पुण्यात लकडी पुलावरून अलका चौकात येते आणि लक्ष्मी रस्त्याला लागते. आमच्या पेठेच्या कडेने बायांच्या रांगा जातात, डोक्यावर तुळस, कमरेला खोचलेला पदर, टाचा भेगाळलेल्या. कुणी दुकानाच्या पायरीवर टेकते, फडक्यातली भाकरी सोडते आणि शेजारणीला दटावून अर्धी देते. गौरीबाईंनी पडद्यावर आणलं ते हेच चालणं, हेच दटावणं. त्यांच्याआधी मराठी बोलपटात राण्या होत्या, देवी होत्या, कुलवधू होत्या. अशी बाई एवढ्या ताकदीने नव्हती.

चित्रपटाच्या शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, तिलाही बरोबर चल म्हणतात. तिला घर आहे, पोरं आहेत, चूल आहे. ती थांबते. विमान वर जातं आणि धावत आलेली आवली खालीच राहते. पागनिसांचा चेहरा तेव्हा आकाशात आहे. मी मात्र जमिनीवर पाहत असते.

१२ डिसेंबर २०२६ रोजी या चित्रपटाला ९० वर्षं होतात. पुण्यात त्याचे खेळ होतील, ‘प्रभात’च्या जुन्या आवारात, विधी महाविद्यालय रस्त्यावर, चर्चाही होतील. त्या फलकांवर पागनिसांच्या शेजारी, तेवढ्याच आकाराचं, गौरीबाईंचं छायाचित्र लावा. आणि एक संपूर्ण सत्र त्यांच्या कामावर ठेवा, ज्यात आवली देवळाकडे निघते तो प्रसंग सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवला जाईल.